त्या कॅसेट भंगारात देऊ नका: रॉक कार्यक्रमांच्या आयोजकांना आणि संगीत कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
१९८० आणि ९०च्या दशकांत मुंबईत रॉकचे कार्यक्रम भरवणाऱ्या संस्था, आणि त्या काळच्या बँडच्या गाण्यांवर आज हक्क सांगणाऱ्या संगीत कंपन्या

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका संस्थेने अलीकडेच आपलं जुनं ऑफिस रिकामं केलं. फायली, फाटके बॅनर, जळके अँप्लिफायर यांच्यासोबत कॅसेटची खोकीही भंगारात गेली. त्यांत कार्यक्रम चालू असताना मिक्सरवरून, म्हणजे सगळे माइक आणि वाद्यं जिथे जोडलेली असतात त्या साउंडवाल्याच्या यंत्रावरून, थेट कॅसेट डेकवर घेतलेलं रेकॉर्डिंग होतं. त्याची दुसरी प्रत कुणाकडे असल्याचं आजवर पुढे आलेलं नाही. मला कळेपर्यंत भंगारवाल्याने कॅसेट फोडून प्लास्टिक वेगळं काढलं होतं आणि फिती कचऱ्यात टाकल्या होत्या.

त्यातून सावरत नाही तोच दुसरी गोष्ट घडली. आम्ही दुरुस्त करून इंटरनेटवर मोफत ठेवलेलं एका बँडच्या शोचं रेकॉर्डिंग एका संगीत कंपनीच्या तक्रारीवरून काढून टाकलं गेलं. बँडमधल्या सगळ्या वादकांनी त्याला लेखी संमती दिली होती. गाणी त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच बसवलेली. त्यावर कुणी एक रुपयाही कमावत नव्हतं. कंपनीला पाठवलेल्या पत्रांना एकच छापील उत्तर आलं: हक्क आमचे आहेत.

दोघांचीही नावं मी घेणार नाही. एकाला उघडं पाडून हा प्रश्न सुटणारा नाही, कारण थोड्याफार फरकाने तुम्ही सगळेच असं वागत आला आहात. म्हणून हे पत्र सगळ्यांना, आणि सगळ्यांसमोर.

मी दिवसा डबिंग स्टुडिओत काम करते आणि उरलेल्या वेळात काही मित्रमैत्रिणींसोबत जुन्या कॅसेट दुरुस्त करते. माझा मोठा भाऊ गिरगावातल्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्या बँडचा अल्बम कधी निघाला नाही, रेडिओवर त्यांचं गाणं वाजलं नाही, वर्तमानपत्रात नाव छापून आलं नाही. ते रंगभवनात वाजवत तेव्हा दुपारचं ऊन असे, लोक अजून आत येत असत आणि साउंडवाला अजून वायरी जोडत असे. त्या बँडचा आज जगात उरलेला आवाज म्हणजे कुणा अनोळखी श्रोत्याने मांडीवर ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर घेतलेली अर्धी बाजू. कॅसेटच्या पट्टीवर बँडचं नावसुद्धा नाही, फक्त तारीख आहे. हा माझा या प्रश्नाशी असलेला संबंध. अशी घरं मुंबईत, पुण्यात, गोव्यात पुष्कळ आहेत.

रंगभवन म्हणजे काय होतं हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र वाचणाऱ्या तरुण मुलांना सांगायला हवं. धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, वर आकाश असलेलं ते थिएटर. १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सव तिथे सुरू झाला. मार्च १९८० मध्ये ‘द पोलिस’ हा इंग्लिश बँड तिथे वाजवून गेला. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा महोत्सव सुरू झाला आणि ऑगस्टच्या पावसात पोरं भिजत उभी राहू लागली. रॉक मशीन, म्हणजे पुढचं इंडस क्रीड, हे नाव तरी आज लोकांना ठाऊक आहे, कारण १९८८ साली त्यांचा अल्बम निघाला आणि पुढे त्यांची गाणी टीव्हीवर दिसली. त्यांच्या आधी आणि नंतर त्याच मंचावर चढलेल्या कितीतरी बँडना ते भाग्य लाभलं नाही. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्ट यांच्यापासून १०० मीटरच्या आत मोठा आवाज नको, असं ठरलं. रंगभवनाच्या आसपास हॉस्पिटलही आहे आणि कॉलेजही. तिथला रॉक बंद झाला. त्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही, आजारी माणसाला झोप हवीच. पण जागा गेल्यावर निदान आवाज तरी जपायला हवा होता. तो तुमच्या कपाटांत होता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की तुम्ही या कॅसेटना वस्तू म्हणूनसुद्धा सांभाळलं नाही. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. एवढ्याशा पट्ट्यावर दोन्ही बाजूंचं स्टिरिओ रेकॉर्डिंग बसवलेलं असतं. फितीवरच्या लोहकणांना धरून ठेवणारा थर दमटपणात खराब होतो. मुंबईच्या चार पावसाळ्यांत बंद कपाटातली कॅसेट उघडली, तर गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते. ९० मिनिटांची कॅसेट आधीच पातळ, १२० मिनिटांची त्याहून पातळ, आणि पैसे वाचवायला तेव्हा सगळे त्याच घेत. ती ताणली जाते, डेकमध्ये गुंडाळते, तुटते.

एक कॅसेट दुरुस्त करायची म्हणजे काय करावं लागतं, ते जरा सविस्तर सांगते. ‘टेप वाजवून कॉम्प्युटरवर घेतात, त्यात काय एवढं’ असं तुमच्यापैकी एका जबाबदार माणसाने मला सुनावलं होतं. आधी कॅसेटचे पाच स्क्रू काढायचे. स्क्रू नसतील, चिकटवलेली असेल, तर पातीने जोडावर हलकेच उघडायची. फीत हेडवर, म्हणजे डेकच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा इवलासा तुकडा बहुतेक वेळा निखळून पडलेला असतो. तो नसेल तर आवाज येतो आणि जातो, येतो आणि जातो, आणि माणसं समजतात की रेकॉर्डिंगच खराब आहे. मग फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या शेलमध्ये हलवायची. बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून, कोरड्या मऊ कापडावरून एक-एक वार पुढे सरकवत पुसायची. त्यानंतर डेक. ज्या मशीनवर रेकॉर्डिंग झालं, त्याचं हेड किंचित तिरकं असेल तर आपल्या डेकचं हेडही तेवढंच तिरकं करावं लागतं, नाहीतर झांजा आणि हायहॅट (ड्रमवरची जोडझांज) चादरीखाली दडपल्यासारखे ऐकू येतात. छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने हेडचा स्क्रू केसभर फिरवत, दोन्ही कानांत वरचे सूर एकदम उजळेपर्यंत ऐकत बसायचं. प्रत्येक कॅसेटसाठी हे नव्याने, कधीकधी प्रत्येक बाजूसाठी.

वेगाचा प्रश्न तर वेगळाच. बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरत गेले की रेकॉर्डिंगच्या वेळी फीत हळू सरकते, आणि आज योग्य वेगाने वाजवली की गाणं चढत जातं. शेवटच्या गाण्यात गायकाचा गळा लहान मुलासारखा होतो. परदेशातले लोक अशा वेळी अँप्लिफायरच्या गुणगुणीचा आधार घेतात, कारण ती विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. आपल्याकडे त्या काळात वीज ५० हर्ट्झवर स्थिर राहत नसे, त्यामुळे तो आधारही डगमगता. मग गिटार कोणत्या स्वरात लावली असेल याचा अंदाज घेऊन, बँडमधल्या माणसाला विचारून, मोकळ्या तारेचा स्वर शोधून वेग जुळवावा लागतो. इथेच जुन्या वादकांची गरज पडते, आणि ते आता साठीच्या पुढे गेले आहेत.

सगळ्यात नाजूक काम जोडणीचं. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते. श्रोता कॅसेट उलटेपर्यंत गिटारचा सोलो अर्धा निघून गेलेला असतो. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या दुसऱ्या कुणी रेकॉर्डिंग केलं असेल, तर त्याची फट वेगळ्या ठिकाणी येते. दोन्ही एका वेगावर आणून एकाची फट दुसऱ्याने भरता येते. त्यात मिक्सरवरची कॅसेट मिळाली तर गाणं आणि गिटार स्वच्छ होतात, आणि श्रोत्यांतल्या कॅसेटमधून मैदानाची हवा येते. मिक्सरवरच्या त्या कॅसेट फक्त तुमच्याकडे होत्या. म्हणून भंगारात गेलेल्या खोक्यांचं मला इतकं लागलं आहे. आमच्याकडे एका कार्यक्रमाच्या श्रोत्यांतल्या कॅसेट जमलेल्या आहेत, त्यांची दुरुस्ती झालेली आहे, फटी कुठे आहेत ते सेकंदानिशी माहीत आहे. त्या भरणारी कॅसेट बहुधा त्याच खोक्यांत होती.

दुसरी तक्रार हक्कांबद्दल. संगीत कंपन्यांनो, स्टुडिओत ज्याच्यावर तुम्ही पैसे खर्च केले त्या रेकॉर्डिंगचा हक्क तुमचा, याबद्दल वादच नाही. आम्ही तुमचा एकही अल्बम कुठे ठेवलेला नाही आणि ठेवणार नाही. पण तेच गाणं बँडने रंगभवनात वाजवलं, ते एका श्रोत्याने स्वतःच्या कॅसेटवर घेतलं, त्या रेकॉर्डिंगचे निर्माते तुम्ही कसे? गीत आणि चाल यांचे हक्क करारात तुमच्याकडे आले असतील, तर तो करार दाखवा. त्यावर बसून बोलू, योग्य ते नाममात्र शुल्क ठरवू. तुमच्याकडून मात्र कागद येत नाही. येते ती यंत्राने पाठवलेली तक्रार. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा तक्रारीनंतर २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करण्याची मुभा मध्यस्थाला, म्हणजे तो ठेवणाऱ्या वेबसाइटला, आहे. प्रत्यक्षात मोठ्या परदेशी मंचांवर एकदा काढलेलं परत येत नाही, आणि आमच्यासारख्यांना वकील परवडत नाही. हे तुम्हाला पुरतं ठाऊक आहे.

बँड परकी गाणी वाजवत तेव्हा काय, असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. त्या काळात बहुतेक बँडच्या कार्यक्रमात अर्ध्याहून अधिक गाणी इंग्लंड-अमेरिकेतल्या बँडची असत, आणि त्यांचे मालक वेगळे आहेत. ती गाणी आम्ही जपून ठेवतो, लोकांसमोर ठेवत नाही. आमचं म्हणणं आपल्या मुलांनी स्वतः रचलेल्या गाण्यांबद्दल आहे.

तिसरी तक्रार थोडक्यात. परवानगी मागायला गेलं की आयोजक कंपनीकडे बोट दाखवतात, कंपनी प्रायोजकाकडे, आणि प्रायोजकाच्या ऑफिसात तो कार्यक्रम आठवणारा माणूसच उरलेला नसतो. ‘नाही’ असंही कुणी लिहून देत नाही.

आणि एक तक्रार मनाला लागलेली. याच शहरात ख्यालगायकीच्या खासगी मैफलींची स्पूल (मोठ्या चाकावरच्या टेप) आणि कॅसेट रसिकांनी पिढ्यानपिढ्या जपल्या. कुमार गंधर्वांच्या, मल्लिकार्जुन मन्सूर अण्णांच्या घरगुती बैठकींची ध्वनिमुद्रणं एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि ती जपणाऱ्याला आपण संग्राहक म्हणतो, त्याच्या घरी आदराने जातो. तेच काम रॉकसाठी केलं की ते ‘बूटलेग’, म्हणजे चोरटं रेकॉर्डिंग, ठरतं आणि करणारा चोर. ज्या मुलांनी परळच्या, दादरच्या, वांद्र्याच्या खोल्यांत गाद्या भिंतीला टेकवून सराव केला, त्यांचं संगीत ऐकण्याच्या लायकीचं नव्हतं असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर तसं सांगा. पण मग त्यांच्या जोरावर तिकिटं विकली होती, हेही आठवा.

मोफत वाटलं की बाजार बुडतो, हे मला पटत नाही, आणि त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांसाठी मिक्सरच्या मागे वेगळी जागाच राखून ठेवली. अट एकच: विकायचं नाही. त्यांच्या ८ मे १९७७च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कार्यक्रमाच्या कॅसेट कितीतरी वर्षं फुकट फिरल्या. पुढे अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने ते ध्वनिमुद्रण राष्ट्रीय नोंदवहीत घेतलं, आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत आवृत्ती निघाली तेव्हा लोकांनी ती विकत घेतली. मिक्सरवरच्या त्या मूळ टेप दरम्यानच्या काळात एका गोदामात पडून होत्या आणि भाडं थकल्यामुळे लिलावात गेल्या. त्या वाचल्या, कारण बोली लावणारी माणसं तिथे हजर होती. आपल्याकडे लिलावसुद्धा झाला नाही.

तिथेही तंटे झाले. नोव्हेंबर २००५ मध्ये याच बँडची रेकॉर्डिंग इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावरून उतरवून (डाउनलोड करून) घेण्याची सोय अचानक बंद केली गेली. श्रोत्यांनी आवाज उठवला आणि थोड्याच दिवसांत तोडगा निघाला. श्रोत्यांतली रेकॉर्डिंग उतरवून घेता येतील, मिक्सरवरची फक्त ऐकता येतील. म्हणजे कंपनीचं विकण्याजोगं तिच्याकडे राहिलं आणि लोकांचं ऐकणं थांबलं नाही. फुगाझी या वॉशिंग्टनच्या बँडने तर २०११ पासून आपल्याच साउंडवाल्यांनी घेतलेल्या शेकडो कार्यक्रमांची रेकॉर्डिंग खुली केली, श्रोत्याला परवडेल त्या किमतीत. ही माणसं काही वेडी नव्हती. कॅसेट कपाटात ठेवून कुणाचंच पोट भरत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

आपल्याकडे वाट पाहून चालणार नाही, कारण कायद्याचं घड्याळ आणि फितीचं घड्याळ वेगवेगळं चालतं. सादरीकरणावरचा कलावंताचा हक्क ५० वर्षांचा. १९९६च्या कार्यक्रमाचं गणित मांडलं तर तो २०४६च्या अखेरीस संपेल. फीत तोवर वाजेल अशी हमी मी देणार नाही, आणि या कामातलं दुसरंही कुणी देणार नाही. वाजवणारे चांगले डेकही आता नवे मिळत नाहीत. आम्ही जुन्यांचे पट्टे आणि रबराची चाकं बदलून ते चालवतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

आयोजकांनो, तुमच्याकडे ज्या कॅसेट, स्पूल, डॅट (डिजिटल आवाजाच्या) टेप आणि व्हिडिओ टेप असतील, त्यांची यादी करा आणि जाहीर करा. यादी करायला माणूस नसेल तर आम्ही येऊन करू, तुमच्याच ऑफिसात बसून, एकही वस्तू बाहेर न नेता. जागा बदलायची असेल किंवा संस्था बंद करायची असेल, तर काहीही टाकून देण्याआधी आधी बँडला आणि मग एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला विचारा. कायद्याने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या मूळ प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. तेव्हा अडचण कायद्याची नाही. खोकं तिथवर पोचवायला कुणी तयार होत नाही, एवढीच अडचण आहे.

मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे उंची डिजिटल दर्जात, एकदा नीट उतरवली जावी आणि ती कधीही ‘स्वच्छ’ केली जाऊ नये. खरखर काढणं, वेग जुळवणं हे सगळं तिच्या नकलेवर. आमच्यानंतर येणाऱ्यांकडे याहून चांगली साधनं असतील, त्यांना हात घालायला अस्सल आवाज मिळायला हवा.

संगीत कंपन्यांनो, बँडच्या हयात सदस्यांची लेखी संमती असेल आणि गाणी त्यांची स्वतःची असतील, तर विनामोबदला ऐकवण्यासाठी एक पानी परवाना द्या. वर सांगितलेला तोडगा आम्हाला मान्य आहे: मिक्सरवरची फक्त ऐकण्यासाठी, श्रोत्यांतली उतरवून घेण्यासाठी. तुम्ही उद्या अधिकृत अल्बम काढणार असाल, तर आमची दुरुस्त केलेली प्रत मोफत घ्या. वादकांना त्यांचा वाटा द्या आणि ज्याने कॅसेट जपली त्याचं नाव छापा. यंत्राच्या तक्रारीआधी एक माणूस नेमा, ज्याला फोन करता येईल.

विकणाऱ्यांवर मात्र जरूर कारवाई करा. याच कॅसेटच्या नकला जास्त भावाने विकणारे लोक आहेत, आणि अमुक रेकॉर्डिंग फक्त माझ्याचकडे आहे या मिजाशीत ते कुणाला ऐकूही न देणारे संग्राहकही आहेत. त्यांची बाजू मी घेत नाही, आणि त्यांच्या नावाखाली आम्हाला धरू नका.

हे पत्र मी तुमच्या ऑफिसांच्या पत्त्यांवर स्पीड पोस्टाने पाठवत आहे. ३१ डिसेंबरपर्यंत लेखी उत्तर द्यावं, ‘नाही’ असेल तरी कारणासह द्यावं. आलेली सगळी उत्तरं, एकही शब्द न बदलता, मी याच ठिकाणी प्रसिद्ध करीन. तोवर ज्या बँडची संमती आमच्या हातात आहे, त्यांच्या कॅसेट उतरवण्याचं काम चालू राहील. ज्यांच्या घरी कॅसेट आहेत त्यांनी त्या स्वतः वाजवून बघू नयेत, तुटलेली फीत सेलोटेपने जोडू नये, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात आणि आम्हाला कळवावं.

आपली,
रंगभवनाची एक श्रोती